शंभर कॅसेटी

खोटं बोलायचं तर पुरतं तरी बोलावं. मी अर्धवट बोललो आणि एका भल्या माणसाची अडतीस वर्षं नासवली. पण मंगळवारी सकाळी भैरवी दुकानात आली तेव्हा मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी आपला मोबाइलची कव्हरं आणि चार्जर मांडून निवांत बसलोतो.

भैरवी म्हणजे आमच्या नृसिंहाची मुलगी. मी त्याला नरसू म्हणतो. नरसू पाटबंधारे खात्यात होता, पंचगंगेचं पाणी किती चढलं किती उतरलं हे रोज वहीत लिहायचं त्याचं काम. आता बहात्तरचा आहे. डावा कान कधीचाच गेलाय, आणि आता उजव्या कानाच्या नसेवर गाठ आलीय. ती ठेवली तर जिवाला धोका आणि काढली तर कान गेला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गुरुवारी सकाळी नऊला आत घेतलं की त्यानंतर ह्यांना काही ऐकू येणार नाही, यंत्र लावूनही नाही, असं तोंडावर सांगितलं. बुधवारी संध्याकाळी पाचला दाखल व्हायचं होतं. आणि म्हाताऱ्यानं हट्ट धरलाता की त्याआधी मला माझी कॅसेट एकदा ऐकायची आहे.

ती कॅसेट सत्त्याऐंशी सालची. नाव ‘पाणी उतरताना’. नरसूनं पगारातनं एक छोटा की-बोर्ड घेतलाता, त्याच्यावर घरातच वाजवून केलेली. त्यात गाणं नाही, ताल नाही, शब्द नाही. एक स्वर धरायचा, तो पार विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. मागनं नदीचा आवाज. बेचाळीस मिनिटं एवढंच. भैरवी त्याला अ‍ॅम्बिएंट म्हणते. त्या वेळी ह्याला काय म्हणायचं हे कोल्हापुरात कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. मी स्वतः दोन मिनिटं ऐकलीती आणि मशीन बिघडलं समजून बंद केलीती.

पुण्याला जाऊन त्यानं शंभर कॅसेटी छापून आणल्या आणि माझ्या दुकानात ठेवल्या. तेव्हा माझं कॅसेटचं दुकान जोरात होतं. पैसे नकोत म्हणाला, लोकांपर्यंत पोचू दे फक्त. घरासाठी जादा काढलेल्या दोन आणि मूळ टेप दोन हजार एकोणीसच्या पुरात गेल्या. म्हणून भैरवी माझ्याकडं आलीती. तिनं पंधरा दिवस फेसबुकवर टाकलंतं, सगळ्या ग्रुपवर फिरवलंतं, कुणाकडनं काही उत्तर नाही.

“हंबीरकाका, शंभर कॅसेटी तुम्ही विकल्यात,” ती म्हणाली. “अख्खं गाव तुम्हाला ओळखतं. एक तरी नाव आठवा.”

मी बघतो म्हणालो. ती गेली आणि मी शटर अर्धं ओढून आत पाणी पीत बसलो.

कारण शंभर कॅसेटी विकल्या गेल्याच नव्हत्या. एक गेली, ती दुसऱ्या दिवशी परत आली. ह्यात गाणं भरायचं विसरलाय म्हणून गिऱ्हाईक भांडून गेलं. बाकीच्या आठ महिने फळीवर धूळ खात होत्या. नरसू दर शनिवारी ऑफिस सुटलं की यायचा, फळीकडं न बघता उभा राहायचा, आणि हळूच विचारायचा की किती गेल्या. माझा स्वभाव तापट. मला कुणाचा केविलवाणा चेहरा बघवत नाही, बघितला की मी चिडतो. त्यात गणपती आले. लोकं कागदावर गाण्यांची यादी आणून द्यायची आणि आम्ही कॅसेट भरून द्यायचो, तोच तर धंदा होता. कोऱ्या कॅसेटी संपल्या, मुंबईहून माल येईना, आणि दारात गिऱ्हाइकांची रांग. छापील कॅसेटवर परत भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीला दोन भोकं ठेवलेली असतात. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की झालं काम. नरसूची टेप एक नंबर होती. मी त्याच्या सगळ्या कॅसेटींवर आरत्या, लावण्या, भजनं, जे मागेल ते भरून टाकलं. आठवड्यात फळी मोकळी झाली. शनिवारी नरसू आला तेव्हा मी सांगितलं, सगळ्या संपल्या, शंभरच्या शंभर गेल्या.

त्याचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, आपण पुण्यच केलं. मग त्यानं विचारलं की कुणी काही म्हणालं का. तिथं मी माती खाल्ली. गिऱ्हाईक हाताळत होतो, घाईत होतो. म्हटलं, घेत्यात आणि जात्यात, सांगत कोण बसतंय? तो पुढं दोन-चार वेळा येऊन तेच विचारून गेला. मीही तेच उत्तर दिलं. मग तो यायचा बंद झाला, आणि मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

पण एक कॅसेट वाचली असावी, असं मला त्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या आठवलं. गणपतीच्या गडबडीत भरलेल्या आणि न भरलेल्या कॅसेटींचे ढीग एकमेकांत मिसळलेते. माझ्या बायकोच्या माहेरचा, मुरगूडचा एक दूधवाला भजनाची कॅसेट घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन आला. दाजी, त्यात नुसतं पाणी वाजतंय, म्हणाला. आण, बदलून देतो म्हटलं. तो म्हणाला, आणली असती, पण बायको हातातनं सोडत न्हाय. मी तेव्हा हसलोतो. दूधवाला दहा वर्षांपूर्वी वारला. बायको होती, बाळाबाई.

भैरवीला फोन करून एवढंच सांगितलं की मुरगूडला एक असेल, उद्या सकाळी जाऊ. बाकीचं तोंडातनं निघालं नाही.

बुधवारी नऊला तिच्या गाडीतनं निघालो. कागल मागं पडलं. मी मनात शब्द जुळवत होतो. आता सांगू, त्या वळणानंतर सांगू, असं चाललंतं. तेवढ्यात तिनंच तोंड उघडलं.

“बाबांनी त्यानंतर की-बोर्डला हात लावला नाही, माहीत आहे का तुम्हाला?” ती म्हणाली. “दुसरी कॅसेट अर्धी तयार होती. मी लहान होते. आईनं विचारलं, का सोडलंत? तर म्हणाले, शंभर माणसांनी घरी नेऊन ऐकलं आणि एकालाही चांगलं म्हणावंसं वाटलं नाही. शंभर म्हणजे काही थोडे नाहीत. आता आपण ओळखायला पाहिजे.”

मी काच खाली केली. कुणीच घेतली नाही असं खरं सांगितलं असतं, तर हा माणूस म्हणाला असता की लोकांनी ऐकलीच नाही, आणि दुसरी केली असती. लोक खूश हायत असं पुरतं खोटं बोललो असतो, तरी दुसरी केली असती. मी मधलंच काहीतरी बोललो आणि त्याला गप्प करून टाकलं. भैरवीनं विचारलं, काका, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, गाडीचं लागतंय. पुन्हा खोटं. आता तर ती चालवत होती आणि पाचच्या आत परत पोचायचं होतं, म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे भ्यालोतो.

बाळाबाईचं घर मुरगूडच्या कडेला, शेजारी गोठा, दोन म्हशी. सत्तरीला टेकलेली बाई, पण आवाज खणखणीत. मला ओळखलं, दाजी म्हणून चहा टाकला. कॅसेटचं नाव काढल्यावर मात्र हातातली चहापुडीची चिमटी तशीच राहिली.

“कशाला पायजे?” तिनं विचारलं.

भैरवीनं सगळं सांगितलं. बाबा, कान, ऑपरेशन. बाळाबाई ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. मग तिनं एकदम विचारलं, म्हंजे ज्यानं हे केलंय त्यो माणूस जित्ता हाय? तिला इतकी वर्षं वाटत होतं की ते मीच भरलेलं काहीतरी आहे. कॅसेटच्या कागदावर माझ्या हातची भजनांची यादी होती ना.

ती आम्हाला गोठ्यात घेऊन गेली. कोनाड्यात प्लास्टिकच्या पिशवीत टेपरेकॉर्डर, आत कॅसेट. भैरवीनं मोबाइल काढला आणि म्हणाली, कॅसेट नेत नाही आजी, इथंच वाजवा, मी भरून घेते. बाळाबाईनं बटण दाबलं. एक स्वर आला. मागनं पाणी. म्हशीनं कान हलवला. भैरवीनं तोंडावर हात धरला, कारण तिनं हे लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं. मिनिट झालं असेल नसेल, आवाज घोगरा झाला, लडखडला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. मशीन टेप खात होतं.

मी झडप घालून बंद केलं. झाकण उघडलं तर टेप आतल्या चाकाला गुंडाळून बसलेली. बाळाबाई खाली बसली. काय केलासा दाजी, एवढंच पुटपुटली. जगात एक कॅसेट होती आणि ती माझ्यापुढं लोंबत होती.

मी चष्मा पुसला. भैरवीला मोबाइलचा उजेड धरायला लावला, बाळाबाईकडं सुई मागितली, आणि गोठ्यातच पोत्यावर मांडी घातली. सुईनं एकेक वेढा सोडवायचा, ओढायचं नाही. पंधरा-वीस वर्षं हे काम केलं नव्हतं. बोटं जाड झाल्यात. एका जागी टेप चुरगळून काडीसारखी झालीती, ती तुटली. भैरवी रडायला लागली. मी तिच्यावर ओरडलो की उजेड हलवू नको. चुरगळलेलं बोटभर कापून टाकलं, दोन्ही टोकं तिरकी कापली, आणि सांधायची पट्टी नव्हती म्हणून पाकिटातल्या जुन्या बिलाची चिकटपट्टी सोलून, बारीक कापून लावली. सगळं गुंडाळून बघितलं तर एक वाजलाता.

मशीनचा पट्टा गेलाता. त्यात परत घालायची माझी हिंमत नव्हती. कॅसेट वाजवायचा चांगला डेक माझ्या दुकानात होता. म्हणजे कॅसेट कोल्हापूरला न्यायलाच पाहिजे. मी बाळाबाईकडं बघितलं. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार.

“एकटी जाऊ देत न्हाय,” ती म्हणाली. “मी येतो.”

आमच्याकडं बायका असंच बोलतात, येतो, जातो, करतो. तिनं लुगड्यावरनं हात फिरवला, शेजारणीला म्हशींचं सांगितलं, आणि कॅसेट रुमालात बांधून मागच्या सीटवर बसली. वाटेत भैरवीनं विचारलं की आजी, काय आवडलं तुम्हाला त्यात? तिनं रुमालाची गाठ घट्ट केली आणि सांगितलं. त्या साली तिची तीन वर्षांची मुलगी तापानं गेलीती. घरात येणारा प्रत्येक जण काहीतरी सांगून जायचा. देवानं नेलं, नशीब, दुसरं हुईल, रडू नगं, रडून मोकळी हो. मालकानं भजनाची कॅसेट आणली, म्हटलं आता ह्यो पण सांगणार.

“लावली तर त्यात कोण कायबी सांगतच न्हवतं,” ती म्हणाली. “नुसतं संगं बसल्यागत वाटलं. मग मी रडलो.”

दुकानातनं डेक आणि स्पीकर उचलून नरसूच्या घरी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेलेते. दवाखान्याची पिशवी दारातच भरून ठेवलेली. नरसू खुर्चीत बसलाता, दाढी केलेली, धुतलेला शर्ट. भैरवीनं उजव्या कानाशी ओरडून सांगितलं की मिळाली. त्यानं विश्वास बसत नसल्यासारखं माझ्याकडं बघितलं आणि माझा हात धरला. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता.

स्पीकर टेबलावर त्याच्या उजव्या कानाला खेटून ठेवला. मी बटण दाबलं आणि सांध्याची जागा येईपर्यंत श्वास धरून उभा राहिलो. टक् असा बारीक आवाज झाला आणि टेप पुढं गेली. नरसूनं डोळे मिटले. एकवीस मिनिटं तो हलला नाही. एकदा बोट वर करून पुटपुटला, इथं घाई केली मी. पहिली बाजू संपली तेव्हा त्याचा शर्ट पुढनं भिजलाता.

भैरवीनं बाळाबाईला पुढं केलं. ह्यांच्याकडं होती बाबा, ह्यांनी अडतीस वर्षं जपली, असं ओरडून सांगितलं. बाळाबाईनं त्याला गाडीतलंच सगळं सांगितलं, मोठ्यानं, त्याच्या कानाशी वाकून, मुलीच्या तापापासनं. सांगताना ती रडली नाही, तोच रडत होता. मग त्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळला. चेहरा लहान मुलासारखा उजळलाता.

“हंबीर, म्हणजे आवडली होती रे लोकांना,” तो म्हणाला. “बाकीच्यांनाही आवडली असेल. ते नव्व्याण्णव कोण होते, आठवतात का तुला?”

हो म्हटलं असतं तर संपलं होतं. चार नावं फेकायची, लोक लई खूश होते म्हणायचं, तो आनंदानं दवाखान्यात गेला असता. मी तोंड उघडलंसुद्धा. पण उद्या ह्याचा कान जाणार, आणि त्यात माझा शेवटचा शब्दही खोटाच राहणार, हे मला सोसेना. आणि त्याला हळू सांगायची सोय नव्हती. मी त्याच्या कानाशी गेलो आणि ओरडलो.

“कोणच न्हवतं, नरसू. एक गेली, ती पण परत आली. बाकीच्या मी पुसल्या. भजनं भरून विकल्या. तुला खोटं सांगितलं.”

शेजारच्या घराची खिडकी उघडली. भैरवी भिंतीला टेकली. नरसूनं मला परत सांगायला लावलं नाही, त्याला पहिल्या वेळीच ऐकू गेलंतं. तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“रस्त्यानं जाताना कुणी माझ्याकडे बघितलं तरी मला वाटायचं, ह्यानं ऐकली असेल,” तो म्हणाला. “मी मान खाली घालून चालायचो, हंबीर. बाजारात, ऑफिसात, लग्नाकार्यात. आणि कुणी ऐकलीच नव्हती.”

चुकलो म्हणालो. ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. घड्याळात सव्वाचार झालेते. त्यानं बोटानं डेककडं दाखवलं.

“दुसरी बाजू लाव,” तो म्हणाला. “आणि तू बाहेर बस.”

मी कॅसेट पलटली, बटण दाबलं आणि बाहेर आलो. पायरीवर चपलांशेजारी बसलो. बाळाबाई आतच होती, तिला बसायला त्यानं खुर्ची दिलीती. दार लोटलेलं, पण आवाज येत होता. आणि जायला कुठं जागा नव्हती म्हणून मी पहिल्यांदा ती ऐकली. सुरुवातीला रिक्षा, कुत्री, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, सगळं मधे येत होतं. मग ते सगळं त्यातच बसून गेलं. एक स्वर आला की वाटायचं आता हा काहीतरी म्हणणार, आणि तो काही न म्हणताच विरायचा. माझ्यावर आयुष्यभर कुणी ना कुणी ओरडलंय नाही तर मी कुणावर तरी ओरडलोय. हे कुणावरच नव्हतं. मी अशा नव्व्याण्णव पुसल्या. मला रडू आवरेना. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, तरी आवाज फुटलाच.

दार उघडलं तेव्हा पाचला वीसच मिनिटं राहिलीती. भैरवी पिशवी घेऊन गाडीकडं गेली, माझ्याकडं बघितलं नाही. मागनं नरसू, बाळाबाईच्या आधारानं. मी उठून बाजूला झालो. तो माझ्यासमोर थांबला.

“ऐकलीस?” त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

“कशी वाटली?”

सत्तर वर्षांचा मी, मिशा पिकलेला, भर रस्त्यावर. मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि जेवढा दम होता तेवढा लावून ओरडलो, “मला रडू आलं, नरसू.” समोरचा इस्त्रीवाला थांबून बघायला लागला.

नरसूनं डोळे मिटले. भैरवीनं गाडीतनं हाक मारली, उशीर होतोय म्हणून. तो हलला नाही. कान तसाच माझ्याकडं धरून म्हणाला, “परत सांग.”

मी परत सांगितलं.